परवानच्या लढाईनंतरच्या भांडणाबद्दल मदत हवी आहे

१२२१ साली आजच्या अफगाणिस्तानातील परवान येथे मध्य आशियातील ख्वारझमचा सुलतान जलालुद्दीन ख्वारझमशहा याने शिगी कुतुकू या सेनापतीच्या मंगोल सैन्याला हरवले; परंतु लगेचच जलालुद्दीनची फौज फुटली आणि त्याच वर्षी सिंधूकाठी चंगीझखानाने त्याला गाठले. या फुटीवर मी वाचनालयातील व्याख्यानासाठी टिपण तयार करीत आहे.

फारसी इतिहासकार जुवैनीच्या इतिहासाचे इंग्रजी भाषांतर मी वाचले आहे. त्यात लुटीतील एका घोड्यावरून जलालुद्दीनच्या सरदारांत वाद होतो, अमीन मलिक हा सैफुद्दीन इघराकच्या डोक्यावर चाबूक मारतो आणि अपमानित इघराक आपली माणसे घेऊन निघून जातो. प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहतो, पण माझी अडचण तिथेच आहे: जुवैनी हा मंगोलांच्या चाकरीतला, आणि त्याने लिहिले ते सुमारे चाळीस वर्षांनंतर. जलालुद्दीनचा चिटणीस नसवी याने १२४१ मध्ये अरबीत लिहिले खरे, मात्र तो सुलतान हिंदुस्थानातून परतल्यानंतर त्याच्याकडे आला, म्हणजे परवानचा साक्षीदार तोही नव्हे. तरीही त्याची माहिती सुलतानाच्या गोटातली असल्याने माझ्या दृष्टीने तिचे मोल अधिक आहे.

मला फारसी आणि अरबी येत नाही. मराठी, हिंदी, इंग्रजी चालेल. जलालुद्दीनने सिंधू नदीत घोडा घातल्याची कथा मला ठाऊक आहे, ती नको. घोड्याचा आणि चाबकाचा हा तपशील नसवीकडे स्वतंत्रपणे येतो का, आणि येत असल्यास तो भांडणाचे कारण तेच देतो की वेगळे?