मदत हवी आहे: अ‍ॅपवरून नमाज शिकतेय, पण तीन अ‍ॅप तीन तऱ्हा दाखवतात

अस्सलामु अलैकुम, नमस्कार.

वय ३२. माहेर महाडजवळचं, पण वाढले पुण्यात. सुट्टीत गावी गेलं की आजीशेजारी मुसल्ल्यावर (नमाजच्या चटईवर) उभी राहायचे, ती वाकली की वाकायचे, एवढीच माझी नमाज. आता नीट शिकायचं मनावर घेतलंय. आमच्या मशिदीत बायकांची सोय नाही आणि मदरशात सहा-सात वर्षांच्या पोरांच्या रांगेत बसायला लाज वाटते. म्हणून मोबाइल.

पहिल्या अ‍ॅपमधली बाई रुकूला (कमरेत वाकायला) जाताना हात खांद्यापर्यंत उचलते. दुसऱ्यातली फक्त सुरुवातीला उचलते आणि सजद्यात (कपाळ जमिनीला टेकताना) अगदी अंग चोरून घेते. आजी हात उचलायची हे पक्कं आठवतं. सासूबाई सोलापूरच्या, त्या उचलत नाहीत. त्यांनाच विचारलं असतं, पण लग्नाला सहा वर्षं झाल्यावर 'मला नमाज येत नाही' हे कुठल्या तोंडाने सांगू?

तिसरं अ‍ॅप भावाने सुचवलं, तो रियाधला असतो. त्यात इशाची (रात्रीच्या नमाजची) बांग आमच्या मशिदीनंतर होते. असरच्या (दुपारनंतरच्या नमाजच्या) वेळेत तर दोन अ‍ॅपमध्ये जवळजवळ तासाचा फरक!

अल-फातिहा (कुराणाचा पहिला अध्याय) देवनागरीतून पाठ करतेय, ते चालेल का? फोन समोर ठेवून, बघून नमाज पढली तर? आणि तिसरी रकात (नमाजचं एक आवर्तन) की चौथी हे विसरलं तर काय करायचं? (मासिक पाळीच्या दिवसांत एका अ‍ॅपने 'तुमची साखळी तुटली' म्हणून रडका चेहरा दाखवला. त्या दिवसांत नमाज माफ असते, एवढं तर मलाही माहीत आहे!)

प्रतिसाद १

ताई, तुमचं माहेर कोकणातलं म्हणजे बहुतेक शाफई, सासर हनफी. या सुन्नी मुसलमानांच्या दोन विधी-परंपरा. आजी चुकत नव्हती आणि सासूबाईही चुकत नाहीत. शाफई रुकूला जाताना आणि उठताना हात उचलतात, हनफी फक्त पहिल्या तकबीरला, म्हणजे सुरुवातीच्या 'अल्लाहु अकबर'ला. असरचंही तेच. वस्तूची सावली, दुपारची मूळ सावली सोडून, वस्तूएवढी झाली की शाफई असर सुरू होते. हनफी ती दुप्पट होईपर्यंत थांबतात. सेटिंगमध्ये असरपुढे 'शाफई' किंवा 'स्टँडर्ड' निवडा. भावाच्या अ‍ॅपवर सौदीची 'उम्म अल-कुरा' पद्धत असणार. त्यात इशा मगरिबनंतर (सूर्यास्ताच्या नमाजनंतर) सरळ ९० मिनिटांनी धरतात. आपल्याकडे कराचीची, १८ अंशांची पद्धत (सूर्य क्षितिजाखाली १८ अंश गेला की इशा) लावा आणि मशिदीतल्या छापील तक्त्याशी एकदा ताडून बघा.

शाफई पद्धतीत फजरच्या (पहाटेच्या नमाजच्या) दुसऱ्या रकातीत रुकूनंतर कुनूत ही दुआ पढतात. हनफी अ‍ॅपमध्ये ती सापडणार नाही, घाबरू नका. बघून पढणं शाफईंकडे चालतं, इमाम अबू हनीफांच्या मते नमाज तुटते. माझं विचाराल तर फोन समोर नकोच, मध्येच कुणाचा तरी 'गुड मॉर्निंग'चा मेसेज टपकतो. रकातीचा गोंधळ झाला तर कमी आकडा धरा, उरलेली पुरी करा आणि शेवटच्या सलामआधी सहूचे, म्हणजे विसरल्याबद्दलचे, दोन सजदे करा.

प्रतिसाद २

देवनागरी कुबडी म्हणून ठीक, पण कान अरबीवर ठेवा. 'कल्ब' लिहिलं तर ते मोठ्या क़ाफचं, म्हणजे हृदय, की छोट्या काफचं, म्हणजे कुत्रा, हे कसं कळणार? 'ह'चंही तसंच, अरबीत दोन आहेत. फातिहाच्या आयती (ओळी) सातच. शेख महमूद खलील अल-हुसरी यांचं सावकाश पठण लावा आणि एक आयत दोन दिवस घोळवा. अ‍ॅपमधला आवाज ऐकू येतो, पण तो तुमची चूक धरत नाही, म्हणून आठवड्यातून एकदा तरी कुणाला तरी म्हणून दाखवा. फातिहा येईपर्यंत नमाज सोडू नका. तिच्या जागी सुब्हानल्लाह, अल्हम्दुलिल्लाह, ला इलाहा इल्लल्लाह, अल्लाहु अकबर म्हणण्याची मुभा आहे.

प्रतिसाद ३

अ‍ॅपला लोकेशनची परवानगी देऊ नका, शहर हाताने निवडा. एका नावाजलेल्या नमाज अ‍ॅपवरचा लोकेशन डेटा दलालांमार्फत अमेरिकी लष्कराकडे गेल्याच्या बातम्या २०२० मध्ये आल्या होत्या. किबल्याचा (मक्केची दिशा दाखवणारा) होकायंत्रवाला काटा फोनच्या चुंबकी कव्हरजवळ वेड्यासारखा फिरतो. पुण्यातून किबला पश्चिमेपासून उत्तरेकडे साधारण ११ अंश. एकदा नीट बघून फरशीवर खूण करा.

धागाकर्ती

सगळ्यांना जझाकल्लाह. फातिहा चार आयतींपर्यंत आली. असर शाफईवर टाकली. आज चारच्या आधीच बांग झाली तर सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "तुझा फोन बिघडलाय गं." आता त्यांना खरं सांगावंच लागणार. कुनूतचा अरबी मजकूर मोठ्या अक्षरांत कुणाकडे असेल तर इथे टाका.