ली-एनफिल्डची जुनी लाकडी पेटी कशी जपावी?

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश निशाणबाजांच्या ली-एनफिल्ड क्रमांक ४ (टी) रायफलीची रिकामी लाकडी पेटी मी येथे, लंडनमध्ये, विकत घेतली आहे. हिरवा रंग उडाला असून एका कडेला किडीची छिद्रे आहेत. ती पुन्हा रंगवावी का?

उत्तर १ : कृपया रंगवू नका. बाणाची सरकारी खूण, छापील आकडे आणि मूळ रंग यांतच तिचा इतिहास आहे. शिवाय जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असल्याने तो घासूही नये.

उत्तर २ : छिद्रांखाली ताजा भुसा पडत असल्यास कीड जिवंत समजावी. संग्रहालयांत अशा वस्तू प्लास्टिकमध्ये हवाबंद गुंडाळून उणे ३० अंश सेल्सिअसला किमान ३ दिवस गोठवतात.

उत्तर ३ : पेटी ओल्या फरशीवर न टेकवता ठोकळ्यांवर ठेवावी, आणि जुन्या दोरीच्या मुठींना न धरता तळाला आधार देऊनच उचलावी.