मदत हवी आहे: वर्गात येऊन वाचन शिकवून दाखवणारं कोणी आहे का?

नमस्कार मंडळी. मी हिंगण्याकडच्या एका प्राथमिक शाळेत तिसरीला शिकवते. वर्गात २६ पोट्टे, त्यातले ९ अजून अक्षराला अक्षर जोडत वाचतात. परवा एक मुलगी 'बदक' फटकन वाचून मोकळी झाली. मी चित्रावर हात ठेवला, तर गप्प! वाचत नव्हतीच, चित्र ओळखत होती. काहींच्या घरी छत्तीसगढी बोलतात, तो वेगळाच गुंता.

२०२० च्या शैक्षणिक धोरणात शिक्षकांसाठी वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलंय. तास भरतात हो! मोबाईलवर व्हिडिओ चालू, इकडे वह्या तपासणं चालू, शेवटी प्रमाणपत्र. पण या मुलीला उद्या नेमकं कसं शिकवू, ते त्यात नसतं. मला खरा उपयोग एकदाच झाला. एका ताईंनी माझ्याच वर्गात मागे बसून तास पाहिला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः घेऊन दाखवला.

नागपुरात असं काम करणारं कोणी माहीत आहे का? डाएटमध्ये (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत) यासाठी कोणाला भेटायचं? शनिवारी दुपारी आम्ही चौघी सीताबर्डीपर्यंत येऊ शकतो. फक्त आणखी एक व्हिडिओ नका सुचवू, प्लीज.