मोठेपणी एडीएचडीचा (लक्ष न टिकण्याचा, अतिचंचलतेचा विकार) संशय: तपासणी कुठून सुरू करायची?

प्रश्न: वय ३२, पुण्यात नोकरी. कामं अर्धवट राहतात, तारखा चुकतात. आधी कुणाला दाखवायचं?

उत्तर १: थेट मानसोपचारतज्ज्ञांना. एएसआरएस या प्रश्नावलीचे सहा प्रश्न ही फक्त चाळणी, निदान नव्हे. निदानाच्या निकषांनुसार सतरा वर्षांपुढे किमान ५ लक्षणं, ६ महिने, दोन ठिकाणी तरी (घरी, कामावर), आणि काही लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीची लागतात. इथेच बहुतेकांचं अडतं. म्हणून जुनी प्रगतिपुस्तकं शोधा; ‘हुशार, पण लक्ष नसते’ हा शेरा फार उपयोगी पडतो. जमल्यास आईला सोबत न्या.

उत्तर २: टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिनही करून घ्या. अपुरी झोप, घोरणं, नैराश्य यांतही लक्ष असंच उडतं.

उत्तर ३: मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीचं औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाखालच्या औषधांच्या यादीत, येतं. डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक केमिस्ट ठेवतो. सगळीकडे मिळत नाही, गोळ्या संपण्याआधीच चौकशी करा.