मदत हवी आहे : ४२९ कोटींच्या आकड्याला ६४१ ने भाग कसा जातो?

नमस्कार मंडळी, अकरावीतल्या भाचीने डोक्याला भुंगा लावलाय. ४२९४९६७२९७ ही संख्या, म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. फर्मा या गणितज्ञाला वाटलं होतं की या साच्यातल्या (२ चा घात १, २, ४, ८, १६, ३२ असा दुप्पट होत जाणारा, अधिक १) सगळ्या संख्या मूळ असतात, आणि ३, ५, १७, २५७, ६५५३७ पर्यंत त्याचं बरोबरच होतं. पुढचीच नेमकी फसली, ऑयलर या गणितज्ञाने १७३२ मध्ये दाखवलं की ती ६४१ गुणिले ६७००४१७ आहे. मी मोबाईलवर गुणून बघितलं, जुळतंय.

आता प्रॉब्लेम असा की त्याने ६४१ शोधला कसा? एवढं कळलं की जिने हिला भाग जातो ती मूळ संख्या ६४क + १ (क म्हणजे कुठलीही पूर्ण संख्या) अशीच असावी लागते, म्हणजे १९३, २५७, ४४९, ५७७ आणि मग ६४१, पाचव्याच फटक्यात सापडली (बिचारा फर्मा, थोडक्यात हुकला). पण ६४ च का, १६ किंवा ३२ का नाही? इथेच माझी गाडी अडते. शिवाय ६४१ = ५ × १२८ + १ आणि ६४१ = ६२५ + १६ यावरून भागाकार न करताच सिद्ध होतं म्हणतात, ते कोणी पायरीपायरीने सांगेल का, पण प्लीज बारावीच्या गणितापलीकडे नको, माझं कॉमर्स झालंय 😅