विंडोज नवीन टाकलं आणि डेस्कटॉपवरच्या फायली गेल्या, परत मिळतील का?

सायली_मिरज:
नमस्कार मंडळी, बाबांचा लॅपटॉप फारच रडत होता म्हणून जवळच्या दुकानात दिला, त्याने विंडोज नवीन मारून दिलं, आता पळतोय मस्त पण डेस्कटॉप कोरा! बाबा रिटायर झाल्यापासून घराण्याची वंशावळ आणि आजीच्या जात्यावरच्या ओव्या वर्डमध्ये टाइप करत होते, ते सगळं डेस्कटॉपवर नाहीतर डॉक्युमेंट्समध्ये असायचं. डी ड्राइव्हवरचे फोटो जागच्या जागी आहेत. दुकानदार म्हणतो सी मध्ये, म्हणजे विंडोज असतं त्या ड्राइव्हवर, काही ठेवायचंच नसतं, आता विसरा. काही होईल का हो?

रात्रपाळी:
रेकुव्हा म्हणून डिलीट झालेल्या फायली शोधायचं सॉफ्टवेअर आहे, ते टाका, स्कॅन मारा, सगळं येतं. फुकट आहे.

खटपट्या:
@रात्रपाळी अहो थांबा जरा, त्यांना सी वर काही टाकायला सांगू नका! डिलीट झालेली फाइल डिस्कवर पडून असते, तिची जागा फक्त मोकळी म्हणून धरली जाते, आणि तुम्ही जे काही नवीन इन्स्टॉल कराल ते नेमकं त्याच जागेवर बसू शकतं. सायलीताई, आधी सी ड्राइव्ह उघडून विंडोज डॉट ओल्ड नावाचं फोल्डर आहे का बघा. फॉरमॅट न करता वरूनच विंडोज टाकलं असेल तर जुनं सगळं त्यात जातं. असलंच तर त्यात यूजर्स, मग बाबांचं नाव, मग डेस्कटॉप. परमिशन नाही म्हणालं तर कंटिन्यू दाबा. पण हे आजच करा, विंडोज ते फोल्डर काही दिवसांनी स्वतःच उडवतं, १० दिवस धरून चला. आणि जागा कमी आहे म्हणून डिस्क क्लीनअप चालवू नका, त्यात प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन वर टिक झाली की संपलं.

धुळेकर:
हे फोल्डर नसेल तर डिस्क कुठली आहे त्यावर सगळं आहे. जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर आशा आहे, ती काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडायची आणि तिथून फोटोरेक चालवायचं, नावात फोटो आहे पण वर्डच्या फायलीही काढतं. मिळालेल्या फायली मात्र तिसरीकडे सेव्ह करायच्या, त्याच डिस्कवर नाही. नावं जातात, एफ आणि पुढे आकडे अशा शेकडो फायली मिळतात, मग बसा एकेक उघडत. एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी चिपवाली नवी डिस्क, असेल तर अवघड आहे, कारण विंडोज ट्रिम नावाची कमांड पाठवतं आणि एसएसडी त्या जागा आतून साफ करून टाकते, मग कुठलंही सॉफ्टवेअर आणा, पैसे भरून आणलं तरी रिकामंच दिसणार. यूट्यूबवाले हे सांगत नाहीत.

माहेरवाशीण_पुणे:
वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवर फायली ठेवायची जागा, ती पण बघा ना. विंडोज सेट करताना मायक्रोसॉफ्टचं अकाउंट टाकलं असेल तर बरेचदा डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स गुपचूप तिकडे सिंक होत असतात, आपल्याला पत्ताही नसतो. ब्राउझरमधून लॉगिन करा, तिथला रिसायकल बिनही उघडा. फुकटात ५ जीबीच मिळतात पण वर्डच्या फायलींना कितीशी जागा लागते.

सायली_मिरज:
विंडोज डॉट ओल्ड आहे!! बाबांचं फोल्डर जसंच्या तसं, लगेच पेनड्राइव्हवर घेतलं. पण आता नवीनच, फाइल उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा दिसतोय. करप्ट झाल्या का?

खटपट्या:
करप्ट नाही हो. बाबा श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करत असणार. त्यात आतून इंग्रजीचेच कोड असतात, मराठी दिसते ती फॉन्टमुळे, आणि नवीन विंडोजमध्ये तो फॉन्टच नाही. वर्डमध्ये तो मजकूर सिलेक्ट करून वर फॉन्टचं नाव वाचा. मग विंडोज डॉट ओल्डमध्येच विंडोज, त्यात फॉन्ट्स, तिथे तो सापडेल, कॉपी करून इन्स्टॉल करा. तिथे नसेल तर यूजर्समध्ये बाबांच्या फोल्डरमधल्या अ‍ॅपडेटात शोधा, ते लपवलेलं असतं, हिडन आयटम्स ऑन करावं लागेल. फॉन्ट पण पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी परत चिवडा.

सायली_मिरज:
श्री-देव म्हणून काहीतरी नाव दिसतंय, फॉन्ट्समध्ये सापडला, टाकला, ओव्या दिसायला लागल्या! बाबा म्हणतायत आता हे व्हॉट्सअ‍ॅपवर काकाला कसं पाठवू, त्याच्याकडे कुठे फॉन्ट आहे?

धुळेकर:
वर्डमधून पीडीएफ करून पाठवा, फॉन्ट त्यातच जातो. युनिकोडमध्ये, म्हणजे खास फॉन्ट नसतानाही कुठल्याही फोनवर मराठीच दिसेल अशा कोडमध्ये, बदलायचं असेल तर कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार गडबडतात, बाबांना एकदा वाचून काढायला लावा. मूळ फाइल उडवू नका.