गुळाचा रवा (ढेप) डोक्यावर धरून उभा राहिलो तरी कार्य शून्य??

अकरावी_सायन्स: भावांनो, काल ३० किलोचा गुळाचा रवा डोक्यावर घेऊन १० मिनिटं उभा होतो, मान मोडायची वेळ आली आणि सर म्हणत्यात कार्य शून्य, हे कसं काय?

रंकाळाकाठ: कार्य म्हणजे बल गुणिले बलाच्या दिशेनं झालेलं विस्थापन, म्हणजे जागा किती हलली ते. इथं विस्थापन किती झालं? शून्य. मग कार्य बी शून्य. जमिनीवरनं दीड मीटर वर उचललास तेव्हा मात्र ३० × ९.८ (गुरुत्वत्वरण) × १.५ म्हणजे ४४१ ज्यूल केलंस की.

अकरावी_सायन्स: मग घाम का फुटला?

तांबडा_पांढरा: स्नायूंचे तंतू आत सारखे आखडत-सैल होत राहत्यात, त्यात ऊर्जा खर्चून उष्णता होते, रव्याला त्यातलं काय मिळत नाही. टेबल पण रवा धरतंयच की, त्याला कुठं घाम येतोय.

रंकाळाकाठ: सपाट रस्त्यावर एकसारखं चाललास तरी वर धरणाऱ्या बलाचं कार्य शून्यच, बल वर आणि चाल आडवी, ९० अंशाचा कोन. मार्केट यार्डातल्या हमालाला सांगू नको फक्त 😄